बेळगावात भरलेली हवा आणि गोव्यात दिसणारा आकडा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने साखळीला उतरणारी गाडी ही जवळजवळ सगळी उंची काही तासांत मागे टाकते. या प्रवासात टायरमधून थोडीही हवा बाहेर गेलेली नसली, तरी दाबाचा आकडा बदलतो. कधी वाढतो, कधी घटतो, तर कधी डॅशबोर्ड एक सांगतो आणि पणजीच्या पंपावरचे गेज दुसरेच सांगते. हल्ली मध्यम किमतीच्या गाड्यांमध्येही टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, कारखान्यातूनच बसवून येते, आणि तिच्याविषयी आमच्या भागात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ठरलेली आहे : "दिवा पेटतोय, खरं हवा तर बरोबर हाय की." असे दोन-तीनदा झाले की माणूस यंत्रणेला खोटे ठरवतो आणि त्या पिवळ्या दिव्याकडे पाहणेच सोडून देतो. माझ्या पाहण्यात या यंत्रणेतला खरा बिघाड त्यामानाने थोडा असतो. आकडा कशाकशावर अवलंबून असतो हे चालकाला सांगितलेले नसते आणि सेन्सर बसवलेले चाक हाताळण्याची सवय टायरच्या दुकानाला झालेली नसते, या दोन ठिकाणी बहुतेक तक्रारींचे मूळ सापडते.

आधी आकड्याचे पाहू. पंपावरचे किंवा आपल्या खिशातले गेज जे दाखवते तो टायरमधल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबांतला फरक असतो. समुद्रकिनारी बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १४.७ पीएसआय (म्हणजे एका चौरस इंचावर इतके पौंड) असतो आणि बेळगावच्या उंचीवर तो साधारण १३.४ पर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे बेळगावात ३३ पीएसआय भरलेला टायर, तापमान तेच राहिले असे धरले तर, पणजीत ३१.७ च्या आसपास दाखवील. प्रत्यक्षात तापमान तेच राहत नाही. बंद टायरमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो आणि मोटारीच्या नेहमीच्या दाबाला दहा अंश सेल्सिअसमागे ही वाढ साधारण दीड पीएसआय भरते. बेळगावातल्या वीस अंशांच्या सकाळी भरलेला टायर पणजीत तीस अंशांना, गाडी रात्रभर उभी राहून थंड झाल्यावर, पुन्हा ३३ च्या जवळपासच दाखवतो, कारण उंचीने काढून घेतलेले उष्म्याने परत दिलेले असते. तोच टायर घाट उतरून आल्या आल्या मोजला, तर रबराच्या घुसळणीने आतली हवा पन्नास अंशांपर्यंत तापलेली असू शकते आणि आकडा ३६ च्या वर जातो.

परतीच्या प्रवासाचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. डिसेंबरात गोव्यात दुपारी बत्तीस अंशांना गाडी सावलीत उभी असताना ३३ पीएसआय भरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बेळगावात सोळा अंशांना गेज लावले, तर ते ३१.८ च्या आसपास दाखवील. उंचीने हात दिला नसता, म्हणजे तेवढीच थंडी सपाटीवर पडली असती, तर आकडा ३०.५ वर आला असता. इथवर हवा कुठेही गळालेली नाही. मात्र गोव्यातल्या पंपावर गरम टायर पाहून कोणी "जास्त झाली आहे" म्हणत त्यातून चार पीएसआय सोडले असतील, तर बेळगावच्या पहाटे तो टायर खरोखरच कमी हवेचा ठरतो आणि दिवा पेटला तर तो बरोबरच पेटलेला असतो. चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील पट्टीवर छापलेला दाब थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असतानाचा. गरम टायरमधली हवा त्या आकड्यापर्यंत उतरवणे हे आमच्या महामार्गावरच्या पंपांवर सर्रास चालते आणि ते चुकीचे आहे. पट्टीवर बहुधा दोन ओळी असतात, थोड्या माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरी. सौंदत्तीला किंवा जोतिबाला सगळे घर सामानासकट निघते तेव्हा दुसरी ओळ वाचायची असते. टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब हा निराळाच आकडा आहे आणि हवा भरताना त्याच्याकडे पाहण्याचे कारण नाही.

आता सेन्सर काय मोजतो ते पाहावे लागते. चाकाच्या आत बसलेल्या सेन्सरला बाहेरच्या हवेचा पत्ताच नसतो. सिलिकॉनचा एक सूक्ष्म पडदा आतल्या दाबाने किती वाकतो यावरून तो निरपेक्ष दाब मोजतो आणि बाहेरच्या हवेचा दाब त्यातून वजा करण्याचे काम गाडीच्या संगणकावर सोपवलेले असते. काही गाड्यांत ही वजाबाकी त्या ठिकाणच्या खऱ्या दाबाने होते. काही गाड्यांत, आणि बाजारातून आणून बसवलेल्या अनेक संचांत, समुद्रसपाटीचा ठरीव दाबच वजा केला जातो. दुसऱ्या प्रकारची यंत्रणा बेळगावात हाताच्या गेजपेक्षा नेहमीच एक-सव्वा पीएसआय कमी दाखवणार, आणि घाट उतरून गोव्यात गेल्यावर तीच यंत्रणा गेजशी जुळणार. आपल्या गाडीत कोणता हिशेब आहे हे ओळखायला एक सकाळ पुरते. थंड टायरला विश्वासू गेज लावावे, थोडे अंतर चालवून डॅशबोर्डचे आकडे ताजे होऊ द्यावेत आणि दोन्हींतला फरक पाहावा. चारही चाकांना तो फरक सारखाच आला, तर यंत्रणा ठणठणीत आहे. एकाच चाकाचा फरक निराळा असेल, तर तो सेन्सर संशयित.

या सेन्सरची अंतर्गत रचना पाहण्यासारखी असते. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, डिस्कच्या, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या चाकाच्या, खोबणीत, आगपेटीहून लहान अशी काळ्या प्लास्टिकची डबी बसवलेली असते. तिच्यात दाब व तापमान मोजणारी चिप, गती ओळखणारा एक छोटा भाग, रेडिओ प्रक्षेपक आणि लिथियमचा चपटा सेल असतो, आणि हे सगळे राळेत ओतून कायमचे बंद केलेले असते. भारतात आणि युरोपात हे सेन्सर ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेत मुख्यतः ३१५ वर. म्हणून परदेशातून स्वस्तात मागवलेला सेन्सर इथल्या गाडीत मुका राहू शकतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकासह दाब, तापमान व सेलची अवस्था यांचा एक अतिशय छोटा संदेश तो पाठवतो. गाडी उभी असताना तो जवळजवळ झोपलेला असतो. चाक फिरू लागले आणि गाडीने ताशी वीस-तीस किलोमीटरचा वेग घेतला की जागा होऊन साधारण मिनिटागणिक बोलू लागतो. दाब झपाट्याने पडू लागला, तर मात्र पाळी न पाहता लगेच ओरडतो. अंगणातून गाडी काढताक्षणी डॅशबोर्डवर आकड्यांच्या जागी रेघा दिसतात याचे कारण हेच.

त्याच डबीवर किती ताण येतो हे आकड्यात पाहिले की दुकानातल्या हाताळणीचे महत्त्व कळते. व्हॉल्व्हसकट तीस ग्रॅमचा सेन्सर चाकाच्या मध्यापासून वीस सेंटीमीटरवर बसला आहे आणि गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते आहे असे धरले, तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पावणेदोनशेपट जोर पडतो. म्हणजे तो पाच किलोहून अधिक वजनाचा असल्यासारखा बाहेर ओढला जातो. निपाणी ते धारवाड या पट्ट्यात हा ताण न थांबता तासन्‌तास चालू राहतो, आणि तो पेलणारी गोष्ट असते ती एक नट आणि एक रबरी वायसर.

दुसऱ्या जातीची यंत्रणा सेन्सरशिवायच चालते. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाची गती मोजणारे जे उपकरण गाडीत असतेच, त्याच्या माहितीवरून ती अंदाज बांधते. हवा कमी झाली की टायर थोडा दबतो, त्याची फिरती त्रिज्या घटते आणि तेच अंतर कापायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. फरक किती नाजूक असतो पाहा : मोटारीचे चाक एका किलोमीटरला साधारण ५३० फेरे घेते, आणि त्रिज्या एक मिलिमीटरने कमी झाली तर या फेऱ्यांत जेमतेम दोनाची भर पडते. वळणावर बाहेरचे चाक तसेही जास्त फिरते, चिखलात चाक घसरते, मागच्या बाकावर तिघे बसले की मागचे टायर दबतात. हे सगळे वजा करून खरा फरक शोधायला यंत्रणेला बराच वेळ सरळ रस्ता मिळावा लागतो. म्हणून आंबोली किंवा चोर्ल्याच्या सलग वळणांवर तिच्याकडून तत्पर इशाऱ्याची अपेक्षा धरू नये. आणखी एक मर्यादा अशी की चारही टायरांतली हवा महिनाभरात सारखीच एक-दोन पीएसआयने उतरली, तर चाकांच्या गतीची आपसातली तुलना काहीच सांगत नाही. नव्या यंत्रणा यावर उपाय म्हणून चाकाच्या कंपनाचाही अभ्यास करतात, कारण दाब बदलला की टायरची नैसर्गिक कंपनसंख्या सरकते, आणि त्यामुळे चारही टायर एकदम उतरले तरी ते त्यांना कळू शकते.

आपल्या गाडीत कोणती जात आहे हे पुस्तिकेत दिलेले असते. प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा पडद्यावर दिसत असेल, तर सेन्सर आहेत असे समजावे. आकडा नसून नुसता दिवा असेल आणि कुठेतरी "सेट" किंवा "रिसेट"ची सोय असेल, तर बहुधा दुसरी जात. या दुसऱ्या जातीत ती "सेट"ची सोय हीच सर्वांत दुरुपयोगाची जागा आहे. ते बटण दाबले म्हणजे यंत्रणा त्या क्षणी चाकात जेवढी हवा आहे तीच बरोबर मानून नव्याने शिकू लागते. दिवा पेटला, बटण दाबले, दिवा गेला आणि गाडी पुढे निघाली, असे करणाऱ्याने यंत्रणेला सत्तावीस पीएसआय हाच योग्य दाब शिकवलेला असतो, आणि पुढचा इशारा त्याहूनही खाली गेल्यावरच मिळणार असतो. क्रम असा हवा की चारही थंड टायरांत पट्टीप्रमाणे हवा भरायची, मग बटण दाबायचे आणि मग निरनिराळ्या वेगांनी काही काळ गाडी चालवून तिला शिकू द्यायचे. टायर बदलले, पुढचे मागे टाकले किंवा दाब मुद्दाम बदलला, तर हे प्रत्येक वेळी करावे लागते.

इशारा नेमका कधी मिळतो हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. ही यंत्रणा प्रवासी गाडीत पहिल्यांदा आली १९८६ साली, पोर्शे ९५९ मध्ये, आणि बरीच वर्षे ती महागड्या गाड्यांची चैन राहिली. तिची सक्ती झाली ती अमेरिकेत अपघातांमुळे. फायरस्टोनच्या टायरांचा रस्त्याला टेकणारा पट्टा फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर सुटून येऊ लागला, ऑगस्ट २००० मध्ये कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे कायदा झाला. त्या कायद्याखालच्या नियमाप्रमाणे दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेल्यावर वीस मिनिटांच्या आत दिवा पेटला पाहिजे, आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या वाहनांना तो लागू झाला. युरोपने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा बंधनकारक केली. पंचवीस टक्क्यांचा अर्थ आपल्या ३३ पीएसआयच्या गाडीला लावला, तर मर्यादा पावणेपंचवीसवर येते. म्हणजे तीस, अठ्ठावीस, सव्वीस अशा आकड्यांवर अशी यंत्रणा पूर्ण गप्प राहू शकते, आणि सव्वीस पीएसआयवर पाच माणसे घेऊन एप्रिलच्या उन्हात निपाणीहून पुण्याला निघालेल्या टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकत, जास्त तापत असतात. दिवा पेटला नाही याचा अर्थ हवा योग्य आहे असा होत नाही. महिन्यातून एकदा थंड टायरला स्वतःचे गेज लावण्याला ही यंत्रणा पर्याय नाही, आणि तसा दावा तिच्या कर्त्यांनीही केलेला नाही.

दिव्याच्या दोन भाषा आहेत. घोड्याच्या नालासारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला तो दिवा पेटून स्थिर राहिला, तर हवा कमी आहे. गाडी सुरू करताना तो मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेला एखाद्या चाकाचा आवाज येत नाही असा अर्थ आहे. हा भेद सेवा केंद्रांतही नीट सांगितला जात नाही. माझ्या एका नातलगाच्या सात वर्षे जुन्या गाडीचा दिवा असा लुकलुकू लागल्यावर एका केंद्राने चारही सेन्सर बदलण्याचा सल्ला दिला होता. दुसऱ्या ठिकाणी हातातल्या तपासणी यंत्राने चाकांजवळ जाऊन एकेक सेन्सर जागा केला, तेव्हा तीन बोलत होते आणि एकाचाच सेल संपला होता. सेलचे आयुष्य पाच ते दहा वर्षे धरतात. पाच वर्षांपुढच्या गाडीत एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत हे खरे, आणि टायर तसेही बदलायला आले असतील, तर चारही बदलणे मजुरीच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. पण ते ठरवण्याआधी तपासणी यंत्र चाकाजवळ न्यावे, इतकी अपेक्षा गैर नाही.

टायरच्या दुकानाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. उद्यमबागेच्या बाजूला मी एका दुकानात माझ्यासमोर टायर उतरवून घेतो, तिथल्या तरुण कारागिराने एकदा दुसऱ्या कुणाच्या गाडीचा व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. अॅल्युमिनियमचा दांडा, त्याच्यात हवा अडवणारी साधी पितळी पिन घातलेली आणि दोन्हींच्या सांध्यावर मिठासारखी पांढरी पूड फुटलेली. पकडीने पिन फिरवायला गेल्यावर दांडाच मोडला होता. "काका, ही पितळेची पिन कुणी घातली ओ ह्यात? निकेलवाली लागते की," एवढेच तो म्हणाला. अॅल्युमिनियम आणि पितळ ओलाव्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजू लागते, आणि वेंगुर्ले-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात फिरून आलेल्या, मग खानापूरच्या पावसाळ्यात भिजलेल्या गाडीला ही झीज भराभर होते. म्हणून सेन्सरच्या धातूच्या व्हॉल्व्हमध्ये निकेलचा मुलामा दिलेली पिनच घालायची असते. दिसायला फरक सोपा आहे : एक पांढरट चकाकते, दुसरी पिवळी. टोपीच्या बाबतीतही हेच. शोभेच्या धातूच्या टोप्या दांड्याला चिकटून बसतात, तेव्हा आत रबर असलेली प्लास्टिकची टोपीच बरी. टोपी हरवली तर लगेच दुसरी लावावी, नाहीतर आमच्याकडचा लाल चिखल थेट पिनेवर जाऊन बसतो.

टायर उतरवताना त्याची कड डिस्कपासून सोडवणाऱ्या यंत्राचे फावडे व्हॉल्व्हच्या जवळ लागले, तर डबी जागच्या जागी फुटते. जाणता कारागीर आधी टायरमधली सगळी हवा काढतो, व्हॉल्व्ह कुठे आहे ते पाहून फावडे त्याच्या समोरच्या बाजूला लावतो आणि चढवताना टायरची कड सेन्सरवरून शेवटी घासत जाणार नाही अशा बेताने चाक फिरवतो. अडचण येते ती आडमार्गावरच्या दुकानात, जिथे पहार आणि घणानेच काम चालते आणि आत सेन्सर आहे हे त्या माणसाला बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो. त्याला ते आपण आधी सांगायचे असते. व्हॉल्व्ह धातूचा असेल तर बहुधा सेन्सर असतोच, पण रबरी व्हॉल्व्हवर बसणारेही सेन्सर असतात, त्यामुळे नुसते पाहून खात्री देता येत नाही. प्रत्येक वेळी नवा टायर चढताना रबरी वायसर, नट, पिन आणि टोपी यांचा छोटा संच बदलायचा असतो. तो स्वस्त असतो, तरी दुकानात तो ठेवलेला असेलच असे नाही. नट हाताच्या अंदाजाने आवळण्याची चीज नाही. सेन्सरच्या जातीनुसार त्याला साधारण चार ते आठ न्यूटन मीटर इतकाच पीळ सांगितलेला असतो. त्यावर दिलेल्या एका पिरगाळ्याने वायसर फाटतो आणि मग महिन्याभराने गाडी "आपोआप" हवा सोडू लागते.

जाता जाता नायट्रोजनविषयी. दुकानात त्याचे पैसे घेऊन "आता दाब बदलणार नाही" असे सांगितले जाते. तापमानाबरोबर दाब वाढण्याचा नियम नायट्रोजनलाही तेवढाच लागू आहे, आणि साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतो. तो कोरडा असतो, एवढा फायदा मान्य.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ट्यूबलेस टायर, दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच या तिन्ही गोष्टी असलेल्या मोटारीला स्टेपनी देणे त्यामुळे ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचे राहिले नाही. शहरात हे ठीक आहे. कणकुंबीच्या पुढे किंवा अनमोडच्या जंगलात, जिथे मोबाइलला रेंज नसते आणि संध्याकाळनंतर दुकान सापडत नाही, तिथे खड्ड्याच्या धारेने टायरची कड फाटली, तर संचातली बाटली काहीही करू शकत नाही. मी स्टेपनी असलेलीच गाडी पसंत करतो. मात्र स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो, त्यामुळे ती लावल्यावर दिवा लुकलुकू लागतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. आणि तिच्यातली हवा यंत्रणा पाहत नाही म्हणून ती आपणच पाहायची असते.

संचातल्या त्या बाटलीत टायरच्या आत जाऊन छिद्र बुजवणारे दाट द्रव असते. सेन्सरच्या डबीला दाब आत घेण्यासाठी एक बारीक भोक असते आणि हे द्रव वाळून त्यावर बसले की आकडा एकाच जागी अडकतो किंवा चुकीचा येतो. सेन्सरला चालणारी द्रवे मिळतात आणि बाटलीवर तसे लिहिलेले असते. कोणतेही वापरले असले, तरी पंक्चर पक्के काढताना टायर उघडून सेन्सर पुसून घेण्यास सांगावे. बाहेरून चिकट पट्टी खुपसून काढलेल्या पंक्चरमध्ये टायर उतरवावाच लागत नाही, त्यामुळे सेन्सरला काही होत नाही. आतून मशरूम पॅच लावायचा असेल, तर वर सांगितलेली सगळी काळजी लागू होते.

जुन्या गाडीला बाहेरून यंत्रणा बसवणाऱ्यांसाठी बाजारात दोन प्रकारचे संच मिळतात. एकात सेन्सर टायरच्या आत बसतात, दुसऱ्यात ते टोपीसारखे व्हॉल्व्हवर बाहेरून आवळायचे असतात, आणि काचेमागे सूर्यप्रकाशावर चालणारा छोटा पडदा ठेवायचा असतो. टोपीचा प्रकार सोपा आहे, सेल घरी बदलता येतो, दुकानाची गरज लागत नाही. त्याच्या उणिवाही तेवढ्याच ठळक आहेत. तो व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो, म्हणजे टोपीचा रबर सैल पडला की टायरच गळू लागतो. वेगात त्याचे दहा ग्रॅमही किलोच्या वर ओढ घेतात आणि जुन्या रबरी व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर पडू शकते, म्हणून आधी धातूचे व्हॉल्व्ह घालून घ्यावेत. त्याच्यावर दिसणारे तापमान बरेचसे बाहेरच्या वाऱ्याचे असते. आतल्या हवेचे समजून त्यावर विसंबू नये. इशाऱ्याची मर्यादा या संचांत आपणच ठरवायची असते, आणि ३३ पीएसआयच्या गाडीला ती २८ वर ठेवणे मला योग्य वाटते. घाटाने गोव्याला जाणाऱ्याने त्याहून वर ठेवली, तर उंची आणि थंडी यांच्या फरकानेच पडदा विनाकारण ओरडत राहील.

कारखान्यातून आलेला सेन्सर संपल्यावर मूळ कंपनीचाच घ्यावा लागतो असे नाही. कोरे, क्रमांक लिहिता येणारे सेन्सरही मिळतात, आणि जुन्या सेन्सरचा क्रमांक त्यांच्यात उतरवला की गाडीला चाकात काही बदलले आहे हे कळतही नाही, त्यामुळे ओळख पटवण्याचे वेगळे काम वाचते. मेलेल्या सेन्सरकडून तो क्रमांक रेडिओने वाचता येत नाही; तो डबीवर छापलेला असतो. म्हणून टायर उघडला की कारागिराने जुना सेन्सर बाजूला टाकण्याआधी त्याचे छायाचित्र काढून घ्यावे, आणि कोणत्या चाकाचा होता ते त्यासोबत लिहून ठेवावे.